राजाचं थिएटर, पालिकेचा हॉल

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. छत कोसळलं, रंगमंच गेला, खुर्च्या गेल्या. दगडी भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी खुद्द केशवरावांची जयंती होती. रात्रीच रस्ता माणसांनी भरून गेला. उभा जन्म नाटकात घालवलेली माणसं रडत होती आणि शाळेच्या गॅदरिंगपुरतं त्या स्टेजवर उभं राहिलेलीही रडत होती. पुढच्या दिवसांत जे बोललं, लिहिलं गेलं ते जवळजवळ सगळं वास्तूबद्दल होतं. होती तशीच उभी राहिली पाहिजे, असं सगळे म्हणत होते. मलाही तेच वाटत होतं आणि आजही वाटतं. पण एक प्रश्न कुठेच निघाला नाही. त्या रात्री कुठल्या नटसंचाचं घर जळालं? तो निघालाच नाही, कारण त्या नाट्यगृहाचा स्वतःचा असा नटसंच शंभर वर्षांत कधी नव्हता.

मी हौशी नाटकातला माणूस. नाट्यगृह म्हणजे तारीख मिळाली की जायचं ठिकाण, एवढीच माझी समजूत होती. आपल्याकडे सरकारी मालकीची नाट्यगृहं पुष्कळ आहेत. प्रभादेवीचं रवींद्र नाट्यमंदिर राज्य सरकारचं. पुण्याचं बालगंधर्व, ठाण्याचं गडकरी रंगायतन, नाशिकचं कालिदास कलामंदिर त्या त्या महापालिकेचं. मराठी नाटक जिथे होतं ती जागा बहुतेक वेळा सरकारच्याच नावावर असते. नाटक मात्र खासगी निर्मात्याचं, नाहीतर हौशी संस्थेचं. ही विभागणी इतकी अंगवळणी पडली आहे की ती अशीच का, हे आपण विचारत नाही. मी ते विचारत गेलो तेव्हा एकीकडे सांगलीला पोचलो आणि दुसरीकडे जर्मनीतल्या एका लहानशा गावात.

आधी कोल्हापूर. शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले. त्या प्रवासात त्यांनी रोम पाहिलं, तिथलं कोलोसियम पाहिलं. पुढे १९१२ मध्ये खासबागेत कुस्तीचं मैदान झालं आणि त्याला लागून उभारलेलं पॅलेस थिएटर १९१५ मध्ये खुलं झालं. आजचं केशवराव भोसले नाट्यगृह ते हेच. मैदान गोल आणि खोलगट, कुठेही बसलं तरी लढत दिसावी असं. थिएटर बंदिस्त, पण प्रेक्षागृहात नजरेच्या आड येणारा खांब नाही. कुस्ती आणि नाटक शेजारी शेजारी. मला ही मांडणीच शाहूंच्या मनातलं सगळं सांगते. तालमीतला पैलवान आणि पदांवर जीव टाकणारा श्रोता यांना एकाच आवारात यायला लावणारा हा राजा होता. नाटक हे गावाचं आहे आणि त्यासाठी राज्याने खर्च करावा, ही गोष्ट त्यांनी दगडात बांधून ठेवली.

केशवराव भोसले तिथलेच. १८९० साली कोल्हापुरात जन्मलेले, गरिबीतून आलेले, अगदी लहान वयात नाटक मंडळीत शिरलेले. १९०८ मध्ये त्यांनी हुबळीला स्वतःची ‘ललितकलादर्श’ काढली. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं. केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एका रंगमंचावर. त्यानंतर तीन महिने होतात न होतात तोच केशवराव गेले. वय अवघं ३१.

शाहूंचा त्यांच्यावर लोभ होता. पण केशवराव दरबारचे नट नव्हते आणि ललितकलादर्श ही संस्थानची कंपनी नव्हती. मंडळी गावात यायची, खेळ लावायची, पुढच्या मुक्कामाला जायची. केशवरावांच्या मागे ललितकलादर्श बापूराव पेंढारकरांनी चालवली, पुढे भालचंद्र पेंढारकरांनी. म्हणजे कंपनीची परंपरा एका वाटेने गेली आणि थिएटरची दुसऱ्या. राजाने घर बांधलं, पण त्यात राहायला कोणाला ठेवलं नाही.

याचं मूळ शोधायला सांगलीला जावं लागतं. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ केलं ते सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आज्ञेने आणि त्यांच्या खर्चाने. कर्नाटकातून आलेल्या मंडळींचे खेळ पाहून चिंतामणरावांना वाटलं, असं काही आपल्याकडे, आपल्या भाषेत व्हावं. मराठी रंगभूमी दिन आपण ज्या प्रयोगासाठी ५ नोव्हेंबरला साजरा करतो, तो प्रयोग असा दरबाराच्या खर्चाने झालेला होता. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले आणि तो आश्रय संपला. भाव्यांना मंडळी घेऊन बाहेर पडावं लागलं. १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात त्यांनी तिकीट लावून खेळ केले.

त्या दोन वर्षांत मराठी नाटकाचा स्वभाव घडला, असं मला वाटतं. राजा गेला तरी नाटक मेलं नाही. ते गल्ल्यावर जगायला शिकलं. पुढच्या सगळ्या मंडळ्या याच रीतीने चालल्या. नट, साथीदार, आचारी, कपडेपट, पडदे, दागिने असा सगळा संसार बरोबर घेऊन गावोगाव. बाबूराव पेंटरांसारख्या चित्रकाराने रंगवलेले पडदेसुद्धा मंडळीबरोबर फिरायचे. राजाश्रय मिळाला तर मंडळी तो घ्यायची, जसा बडोद्याचा गंधर्व नाटक मंडळीला मिळाला. बडोद्यात तर कलावंतांसाठी ‘कलावंत कारखाना’ नावाचं रीतसर खातंच होतं, गवई-वादक त्यात नोकरीला असत. पण नाटक मंडळी कुठल्याही खात्यात मोडत नव्हती. ती कायम स्वतंत्र राहिली, आणि कर्जातसुद्धा.

आता जर्मनीतलं गाव, वायमार. अठराव्या शतकाच्या अखेरीला ही जेमतेम काही हजार वस्तीची राजधानी असलेलं संस्थान होतं, आकाराने आपल्या सांगली-मिरजेच्या जोडीला बसेल असं. तिथला ड्यूक कार्ल आउगुस्ट याने १७९१ मध्ये दरबारी थिएटर सुरू केलं आणि त्याचा कारभार कवी गटे याच्याकडे सोपवला. गटेने तो २६ वर्षं सांभाळला. शिलरची काही गाजलेली नाटकं तिथे पहिल्यांदा झाली. नटांनी कसं उभं राहावं, पद्य कसं बोलावं याचे नियम गटेने घालून दिले. तालमींना शिस्त लावली. १८१७ मध्ये एका नाटकात खरा कुत्रा रंगमंचावर आणायचा घाट घातला गेला, गटेने विरोध केला, दरबारातल्या लोकांनी तो जुमानला नाही आणि गटे बाजूला झाला. राजाच्या मर्जीवर चालणाऱ्या थिएटरात गटेसारख्या माणसाचंही काय होऊ शकतं, ते या प्रसंगात उघड दिसतं.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. १८२५ च्या मार्चमध्ये ते थिएटर जळून खाक झालं. त्याच वर्षी नवं बांधून उघडलं, आणि नटसंच तोच होता. १९१८ मध्ये जर्मनीतले सगळे राजे आणि ड्यूक गेले. दरबारी थिएटरं प्रांतांच्या आणि शहरांच्या ताब्यात आली, नटांसह, वाद्यवृंदासह, सुतार-शिंप्यांसह. वायमारच्या थिएटरला १९१९ मध्ये ‘जर्मन राष्ट्रीय थिएटर’ हे नाव मिळालं, आणि त्याच वर्षी त्याच्याच प्रेक्षागृहात राष्ट्रसभेने बसून प्रजासत्ताकाची राज्यघटना संमत केली. १९४५ मध्ये बाँबहल्ल्यात इमारत उद्ध्वस्त झाली, १९४८ मध्ये पुन्हा उघडली. इमारत पुन्हा पुन्हा बदलली. थिएटर मात्र एकच राहिलं. वायमारच्या माणसाला ‘आमचं थिएटर’ म्हणताना आधी आठवतात ती माणसं, असं मला या इतिहासावरून वाटतं. कोल्हापूरच्या माणसाला आधी भिंती आठवतात. यात कोल्हापूरच्या माणसाचा दोष नाही, त्याच्या वाट्याला भिंतीच आल्या.

जर्मनीत आज अशी सरकारी थिएटरं सुमारे १४० आहेत. काही प्रांतांची, काही शहरांची, काही फिरती. नाटक, संगीतिका आणि नृत्य अशी तिन्ही अंगं एकाच छपराखाली सांभाळणारी बरीच. त्यांची व्यवस्था थोडी सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे नेमकी हीच गोष्ट कोणी सांगत नाही. वर एक प्रमुख असतो, ठरावीक वर्षांच्या करारावर. पैसा सरकार देतं, पण कुठली नाटकं करायची हे तो आणि त्याचे सहकारी ठरवतात. हाताशी नाट्यसल्लागार असतो; संहिता वाचणं, निवडणं, दिग्दर्शकाशी वाद घालणं हे त्याचं काम. गटेच्याही आधी, १७६७ मध्ये हॅम्बुर्गच्या थिएटरात लेसिंग या कामावर होता. मग कायम नटसंच. सुतारखाना, शिवणखाना, रंगकाम, केसांचे टोप, सगळं घरात. एकाच हंगामात डझनभर नाटकं आलटून पालटून चालतात. आज शोकांतिका, उद्या मुलांचं नाटक, परवा संगीतिका. वर्षभराची वर्गणी भरणारे प्रेक्षक असतात. तिकिटातून येणारा पैसा एकूण खर्चाचा लहान भाग, बाकीचा सार्वजनिक तिजोरीतून. वाचनालय किंवा शाळा जशी गावाने चालवायची, तसंच हे.

आपल्याला हे सगळं परकं आहे असंही नाही. याच वायमार थिएटरचे दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ सत्तरच्या दशकात मुंबईत आले आणि विजया मेहतांबरोबर त्यांनी जर्मन नाटककार ब्रेख्तचं नाटक मराठीत उभं केलं. पुढे विजयाबाईंनी पूर्व जर्मनीच्या सरकारी थिएटरांत जाऊन तिथल्या नटांना घेऊन भारतीय नाटकं बसवली. मराठी रंगभूमीवरची इतकी मोठी बाई अशा घरात राहून काम करून आली, आणि आपण तिच्याकडून अभिनय-दिग्दर्शनाचं सगळं घेतलं. त्या घराची रचना मात्र आपण कधी मागितली नाही, याचं मला वाईट वाटतं.

आपल्याकडे राजे गेल्यावर काय झालं? १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. थिएटर यथावकाश नगरपालिकेकडे आणि मग महापालिकेकडे आलं, त्याला केशवरावांचं नाव मिळालं. पुढच्या काळात शहरोशहरी पालिकांनी नवी नाट्यगृहं बांधली, आणि ती उभी करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराची पायाभरणी १९६२ मध्ये खुद्द बालगंधर्वांच्या हातून झाली, उद्घाटन २६ जून १९६८ ला यशवंतराव चव्हाणांनी केलं. आराखड्यात पु. ल. देशपांड्यांनी लक्ष घातलं, गोपाळराव देऊसकरांनी बालगंधर्वांची पुरुषवेषातली आणि स्त्रीवेषातली तैलचित्रं केली. त्या इमारतीत आजही शिरलं की कोणीतरी नाटकावर प्रेम करून हे बांधलंय, हे कळतं. पालिकेच्या कायद्यात पाणी, गटारं, दिवे ही बंधनकारक कामं. नाट्यगृह त्यात नाही. तरी पालिकांनी ती बांधली.

पण बांधून झाल्यावर त्यांचा कारभार मालमत्ता विभागाच्या डोक्यानेच चालला. नाट्यगृह म्हणजे सकाळ, दुपार, रात्र अशी तीन सत्रं. सत्राचं भाडं ठरलेलं. नाटकाला वेगळं, वाद्यवृंदाला वेगळं, सभा-संमेलनाला वेगळं. व्यवस्थापक बसतो, काही महिन्यांच्या तारखा एकदम वाटतो. शनिवार-रविवारच्या तारखा म्हणजे सोनं. त्यांच्यासाठी निर्माते, शाळा, ज्ञाती संस्था, क्लासवाले, राजकीय पक्ष सगळे एकाच रांगेत. मराठी निर्मात्याचं अर्धं आयुष्य तारखा मिळवण्यात जातं. तारीख मिळाली की सकाळी टेम्पो येतो, बॅकस्टेजची पोरं फ्लॅट आणि लेव्हल उतरवतात, सेट लावतात, लाइट टांगतात. रात्री प्रयोग संपल्यावर प्रेक्षक पार्किंगमधून बाहेर पडायच्या आत सेट उतरायला लागतो, कारण सकाळी तिथे बक्षीस समारंभ आहे. आपली नाटकं दोन अंकी, एका सेटची, पाच-सहा पात्रांची का झाली, याचं पुष्कळसं उत्तर या टेम्पोत आहे. मराठी नाटककाराची कल्पनाशक्ती लहान नाही. पंधरा माणसांचं नाटक दौऱ्यावर न्यायला बस पुरत नाही आणि दोन तासांत उतरणार नाही असा सेट कुठल्याच नाट्यगृहात चालत नाही.

आमच्या संस्थेने एकदा महिनाभर तालीम करून एक मोठं नाटक बसवलं होतं. तालीम एका शाळेच्या वर्गात, बाकं सरकवून. ज्या रंगमंचावर ते करायचं होतं तो आम्हाला पहिल्यांदा दिसला प्रयोगाच्या दिवशी सकाळी. आमच्या नायिकेला पायऱ्यांवरून उतरत एक लांब स्वगत म्हणायचं होतं. तिला त्या पायऱ्यांची उंची कळायला मिळाली ती तिसऱ्या घंटेच्या काही तास आधी. हे कुठल्या एका नाट्यगृहाचं सांगत नाही, महाराष्ट्रातल्या प्रत्येक हौशी संस्थेची हीच कथा आहे. रंगमंच भाड्याने मिळतो तो प्रयोगापुरता. त्यावर चुकायला, शोधायला, एक प्रवेश दहा वेगळ्या तऱ्हांनी करून बघायला मिळत नाही. आणि नाटक तर अशा चुकण्या-शोधण्याच्या वेळातच होतं, बाकीचं सगळं ते दाखवणं.

राज्य सरकार काहीच करत नाही, हे म्हणणं खोटं होईल. राज्य नाट्य स्पर्धा साठ वर्षांहून जास्त काळ चालू आहे. जिल्ह्याजिल्ह्यात इतकी माणसं त्या निमित्ताने नाटक करतात, याला जगात फार तोड नसावी. व्यावसायिक नाटकाला ठरावीक प्रयोगांपर्यंत अनुदान मिळतं. आणि अर्थात संहितेला परिनिरीक्षण मंडळाचा, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरचा, शिक्काही सरकारच देतं. म्हणजे सरकार परीक्षक आहे, अनुदान देणारं आहे, घरमालक आहे, वर तपासनीसही. नाटक करणारं मात्र ते नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप मला मान्य आहे: सरकारने नटसंच ठेवला तर त्याचं सरकारी ऑफिस होईल. उदाहरणं लांब नाहीत. भोपाळच्या भारत भवनमध्ये १९८२ मध्ये ब. व. कारंतांनी रंगमंडल उभं केलं, देशभर गाजलेली नाटकं केली, आणि पुढे ते बंद पडलं. याच कारंतांनी १९८९ मध्ये म्हैसूरला कर्नाटक सरकारचं ‘रंगायण’ सुरू केलं. ते टिकलं, धारवाड, शिवमोगा आणि कलबुर्गीपर्यंत पसरलं. पण एकदा घेतलेला नटसंच वर्षानुवर्षं तोच राहून म्हातारा होण्याचा प्रश्न तिथेही आला. गोव्यात कला अकादमीने स्वतःची ‘रंगमेळ’ ही नाटक कंपनी चालवली आहे, तिथे मराठीतही काम झालं. जर्मनांनी या दुखण्यावर काढलेला उपाय निष्ठुर आहे. तिथे नटाचा करार हंगामागणिक नव्याने ठरू शकतो, पण एकाच थिएटरात पंधरा वर्षं झाली की त्याला काढणं फार अवघड. परिणाम असा की कित्येकांना चौदाव्या वर्षाच्या आसपासच निरोप मिळतो. चाळिशीतल्या नटीला असा निरोप मिळाल्यावर तिने काय करायचं, याचं चांगलं उत्तर तिथेही नाही.

त्याहून मोठी भीती दुसरी. १९३३ मध्ये नाझी आले तेव्हा याच सरकारी थिएटरांतून ज्यू कलावंतांना बाहेर काढायला फारसा वेळ लागला नाही. पगारपत्रक सरकारच्याच हातात होतं. मालक एकच असला की त्याची मर्जी बदलल्यावर जायला जागा उरत नाही. आपली गल्ल्यावरची रंगभूमी या बाबतीत मोकळी आहे आणि तिचा हा मोकळेपणा मला गमवायचा नाही. म्हणून सगळी मराठी रंगभूमी सरकारजमा करा, असं मी चुकूनही म्हणणार नाही. फ्रान्समध्ये नेपोलियनने १८१२ मध्ये मॉस्कोच्या मोहिमेत असताना सही केलेल्या फर्मानाने ‘कॉमेदी फ्रांसेज’ची घडी बसवली; तिथे नटच थिएटरचे भागीदार असतात, नफ्यात त्यांचा वाटा असतो, नव्या भागीदाराची निवड करतानाही त्यांचा शब्द असतो. राज्याच्या छपराखाली नटांनी स्वतःचा कारभार करण्याची ही रीत दोनशे वर्षं चालली आहे. आपल्या जुन्या मंडळ्यांतही भागीदारीची पद्धत होतीच. हे आपल्याला जमणार नाही असं नाही.

मला जे हवं आहे ते छोटं आहे. राज्यातल्या चार-पाच पालिकांनी, मुंबई-पुणे सोडून, आपल्या नाट्यगृहात एकेक नटसंच तीन वर्षांसाठी ठेवावा. दहा-बारा नट, एक दिग्दर्शक, एक नेपथ्यकार, दोन सुतार, एक शिंपी. पगार महिन्याच्या महिन्याला. निवड राज्य नाट्य स्पर्धेत दरवर्षी गाजणाऱ्या आणि दुसऱ्या दिवशी बँकेत, शाळेत, एसटी डेपोत कामावर हजर होणाऱ्या माणसांतून. आठवड्यातले तीन दिवस रंगमंच त्यांचा, सकाळपासून. बाकीचे चार दिवस निर्मात्यांना आणि गावाला, आजच्यासारखेच. संहिता ठरवण्यात नगरसेवकांचा हात नको, हे करारातच लिहिलेलं असावं. तीन वर्षांनी संच बदलावा, पण सगळा नाही. निम्मे जुने, निम्मे नवे. वर्षाला चार नाटकं, त्यातलं एक मुलांसाठी, आणि एक असं की ज्याला पंधरा माणसं लागतात आणि जे कुठल्याही टेम्पोत बसणार नाही.

खर्चाचा प्रश्न निघेल. वातानुकूलन, खुर्च्या, रंगरंगोटी यांवर पालिका दर काही वर्षांनी पैसे घालतच असतात आणि त्यासाठी प्रेक्षागृहं महिनोन् महिने बंद राहतात. पंधरा-वीस माणसांचे पगार त्या तुलनेत डोईजड नाहीत. सुरुवात रत्नागिरी, नांदेड, अकोला, सोलापूर अशा कुठल्याही गावात होऊ शकते. सोलापुरात तर मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी माणसं एकाच गल्लीत राहतात. तिथल्या संचाने पहिल्याच वर्षी या चारही भाषांना एका नाटकात आणलं, तर ते पाहायला मी पहिल्या प्रयोगाचं तिकीट काढून जाईन.